खापरपणजोबांचा अंगरखा

गाभाऱ्याच्या ठेंगण्या दारावर डोकं आपटलं, पगडी घरंगळली आणि रायाजीराव इनामदार कडाडले, "फोडा ही चौकट! इनामदारानं वाकायचं होय?"

देवळाच्या डागडुजीला आलेल्या पाथरवटानं छिन्नी उचलली. देवळाची राखण करणारी सगुणा गुरवीण हसून म्हणाली, "सरकार, हे देऊळ बांधणाऱ्या तुमच्या खापरपणजोबांचा अंगरखा देवापाशी जपून ठेवलाय. तेवढा अंगात घाला, मग खुशाल घाव घाला."

इनामदारांनी ऐटीत अंगरखा चढवला. तो वीतभर जमिनीवर लोळला.

"एवढा उंच माणूस रोज ह्याच दारातून आत जायचा," सगुणा म्हणाली. "त्यांच्यापेक्षा तुमचं काय वाढलंय ते सांगा. दार तेवढंच वाढवू."

इनामदारांनी पगडी काखेत मारली आणि ते वाकून आत गेले.