कामसूचा खांदा

"बैलाचं नाव बदल, नाहीतर बैल दे!"

वाड्याच्या चौकात राजाचा हुकूम सुटला आणि भिवरानं हातातला कासरा घट्ट धरला. शेजारी तिचा बाप रखमाजी मान खाली घालून उभा होता. त्याच्यामागे त्यांचा बैल निवांत रवंथ करत होता. गुन्हा त्याचाच होता. त्याचं नाव होतं कामसू!

आता हे नाव गुन्ह्यात जमा कसं झालं? त्याचं असं झालं. उंबरगिरीच्या हैबतराजांनी कुठल्याशा कीर्तनात ऐकलं, की कामसू माणूस देवाला प्रिय असतो. शब्द त्यांच्या मनात असा भरला, की दुसऱ्या दिवशी दुपारची झोप आटोपताच त्यांनी स्वतःला पदवी लावून घेतली, 'कामसू महाराज'. मग काय, राजा बोले आणि दळ हाले! हलवायानं कामसू पेढे काढले. अत्तरवाल्यानं कामसू अत्तर काढलं. राणीसाहेबांचा पोपट कामसू झाला, दिवाणखान्यातला झोपाळासुद्धा कामसू झाला. काम मात्र कुणाचंच वाढलं नाही. वाढलं ते फक्त पाट्या रंगवणाऱ्याचं.

अशात त्र्यंबकपंत चिटणीसांना कळलं, की वाड्याला पाणी पुरवणाऱ्या विहिरीवर एक बैलही कामसूच आहे. पंतांनी ते जाऊन राजाच्या कानात सांगितलं, आणि सांगताना तिखटमीठ लावायला ते विसरले नाहीत: बाकीच्यांनी नाव घेतलं ते महाराजांच्या मानासाठी, हा बैल मात्र महाराजांची बरोबरी करतोय!

"महाराज," भिवरा म्हणाली, "आमच्या बैलाचं नाव तुमच्या पदवीच्या आधीचं हाय! दुसऱ्या नावानं हाक मारली, तर तो पाय उचलत न्हाई. 'चल रं कामसू' म्हटलं, की मगच मोट वर येती!"

"मग आम्ही बैलाचं उष्टं नाव घेतलं म्हणतेस?" राजे कडाडले.

भिवराला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. जोडीतला डावा बैल उन्हाळ्यातच मेला होता. तेव्हापासून जुवाच्या डाव्या बाजूला तिचा बाप स्वतः खांदा देत होता. आता हाही बैल गेला, तर म्हातारा एकटा मोट ओढणार की काय?

राजे हट्टी होते, पण दुष्ट नव्हते. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "ठीक आहे. तुझा बैल आमच्यापेक्षा कामसू आहे, हे संध्याकाळपर्यंत सिद्ध कर. नाव त्याचं! नाहीतर बैल आमचा!"

"पण महाराज," पंत हळूच खाकरले, "उद्या पोळा. आज खांदेमळणी. आता दोन दिवस बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं."

"मग जू न ठेवता सिद्ध करू दे!"

सगळा दरबार खो खो हसला. काम न करता कामसू ठरायचं! ते तर फक्त दरबारातच जमत होतं.

भिवरानं एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा राजाच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले. "जी सरकार! यंदा खांदेमळणी हितंच वाड्यात करू. तूप-हळद मी आणते."

संध्याकाळी चौक माणसांनी भरला. भिवरानं ऊन पाण्यानं बैलाची मान धुतली. जू बसून बसून तिथं घट्टा पडला होता, जुन्या वहाणेसारखा टणक. त्यावर तिनं तूप-हळद चोळली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

मग ती वाटी घेऊन थेट राजासमोर उभी राहिली. "आता आपला खांदा, महाराज!"

"अगं ए!" पंत ओरडले.

"का वो पंत? हा कामसूंचा मान हाय. नाव एक, तर रीत दोन कशा?"

मान म्हटल्यावर राजे खूश! त्यांनी शाल बाजूला केली. गुबगुबीत खांद्यावरून तूप घळाघळा ओघळलं.

"घट्टा कुठं हाय, महाराज? तूप कुठं मुरवू?"

राजांनी हात पाहिले, ते मऊ. पाय पाहिले, ते पालखीमुळे हातांहून मऊ. एकदम त्यांचा चेहरा उजळला. "हे बघ, कोपर! कसं कडक आहे!"

"कशानं झालं?"

"लोडावर... टेकून," राजे पुटपुटले.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. भिवरा हसली नाही. तिनं कोपराला मनापासून तूप चोळलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

"येऊ की! पुरणपोळी असेल ना?"

"व्हय. अन् परवा पहाटं विहिरीवर या."

"विहिरीवर? कशाला?"

"आवतण घेतलं, पोळी खाल्ली, की कामसूनं परवा जुवाला लागायचं. डाव्या अंगाची जागा मोकळीच हाय. माझा बाप तिथं खांदा देतो, महाराज. तुम्ही आलात, तर म्हाताऱ्याला जरा ईसावा!"

 राजांनी रखमाजीच्या खांद्याकडे पाहिलं. सदऱ्याच्या फाटक्या बाहीतून बैलासारखाच घट्टा दिसत होता. राजे ओशाळले. मग त्यांनी कोपरावरून ठिबकणारं तूप पाहिलं आणि त्यांना असं हसू फुटलं, की पगडी डोळ्यांवर आली!

"जिंकलीस, पोरी! नाव तुझ्या बैलाचं! पदवी आजपासून रद्द! आणि पंत, डाव्या बाजूला आमच्या बदली आमच्या रथाचा पांढरा बैल हिला देऊन टाका. रखमाजीला पागोटं बांधा!"

"पण महाराज," पंत चाचरले, "त्या बैलाचंही नाव आपण कामसूच ठेवलंय."

पांढऱ्या बैलाचा कासरा हातात घेत भिवरानं त्याच्या मानेवरून हात फिरवला. राजे पालखीतूनच फिरत, त्यामुळे रथाच्या बैलाची मान लोण्यासारखी मऊ होती.

"ते नाव हितंच राहू द्या, पंत. आधी खांद्याला घट्टा पडू दे, मग बघू!"

आणि हैबतराजे पुन्हा एकदा पोट धरधरून हसले.