बोटभर उरलेली पटाशी

अवजारं बोलायची त्या काळची गोष्ट. धोंडू सुतार वारला आणि त्याची पेटी आठवडी बाजारात आली. पेटीच्या तळाशी बोटभर पातं उरलेली जुनी पटाशी होती.

"तुला कोण विचारतंय?" शेजारची लांब, चकचकीत पटाशी म्हणाली. "माझं पातं बघ, जसंच्या तसं आहे!"

गिऱ्हाइकं तिलाच उचलून बघत. जुनी दिवसभर एकटी पडून राहिली.

उन्हं कलल्यावर सुतारकाम करणारी भागाबाई आली. तिनं दोन्ही पटाश्या पारखल्या. "जिच्यावाचून कारागिराचं अडतं, तीच रोज धारेच्या दगडावर झिजते," असं म्हणून तिनं जुनीच उचलली.

मुठीवर धोंडूच्या अंगठ्यानं पडलेला खळगा होता. भागाबाईनं त्यात अंगठा टेकवला. तो नीट बसेना.

धनी खरंच गेला, हे पटाशीला तेव्हा कळलं.