सुपाएवढी वल्ही

फार फार वर्षांपूर्वी एका रुंद खाडीत एक बेट होते. उन्हाळ्यात तिथल्या विहिरी खाऱ्या होत, म्हणून पिण्याचे पाणी रोज समोरच्या काठावरून होडीने आणावे लागे. हे काम एका नवराबायकोकडे होते.

त्या बेटाची एक रीत होती. सुकाणू पुरुषाने धरायचे आणि वल्ही बाईने मारायची. का, ते मला विचारू नका. मी पुष्कळांना विचारले, धड उत्तर एकानेही दिले नाही.

नवरा हुशार होता, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. सुकाणूवर बसल्या बसल्या त्याच्या मनात आले, वल्ह्यांची पाती बदलली तर होडी अधिक वेगाने जाईल. झाले, करवत घेऊन बसला.

आधी त्याने पाती आंब्याच्या पानासारखी निमुळती केली. ती पाण्यातून नुसतीच निसटत आणि होडी जागची हलत नसे. मग त्याने पळीसारखी खोलगट पाती केली. दर वेळी पाणी उसळून बायकोच्या अंगावर येई.

"अहो, पाणी घागरीत आणायचंय, माझ्या लुगड्यात नाही," ती म्हणाली.

"थांब गं, जमत आलंय."

हे 'जमत आलंय' ती महिनाभर ऐकत होती. बिचारी! मी असतो तर होडीतून उडी मारली असती.

शेवटी त्याने सुपाएवढी रुंद पाती केली. रिकामी होडी काठाशी आणली आणि बायकोला वीस वेळा वल्ही मारायला लावली. होडी सुसाट निघाली.

"बघितलंस?" तो ओरडला.

"बघितलं. पण होडी रिकामी आहे, आणि मी वीसदाच वल्ही मारली. पलीकडे जायला हजारदा मारावी लागतात."

"तुला नवीन काही नकोच असतं!"

"अहो, पाती वाढवलीत, माझे दंड कुठं वाढलेत?"

एवढे ऐकूनही त्या शहाण्याने जुनी वल्ही फोडून चुलीत घातली. आता या माणसाला काय म्हणावे, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी साठ घागरी भरून होडी परत निघाली. निम्म्या वाटेवर बायकोचे हात भरून आले. वल्हे पाण्यात घालावे, तर बाहेर ओढता येईना. नवरा मागून सांगत होता, "जोरात मार, जोरात!" एवढ्यात ओहोटी लागली. होडी बेटाला वळसा घालून पुढे वाहत गेली आणि चिखलात रुतून बसली.

भरती येईपर्यंत ती हलली नाही. बेटावर त्या दिवशी लेकरांना खारे पाणी पाजावे लागले. एक बाळंतीण घसा कोरडा पडून दारात बसून होती. संध्याकाळी होडी धक्क्याला लागली, तेव्हा बायकोचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते.

बेटावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीने ते तळवे पाहिले. मग ती नवऱ्याकडे वळली.

"एवढी मोठी पाती कशाला केलीस रे?"

"होडी वेगात जावी म्हणून, आजी."

"आणि ओढायची कुणी?"

त्याची नजर बायकोच्या तळव्यांवर गेली.

"उद्यापासून ही सुकाणू धरील," आजी म्हणाली, "आणि तू वल्ही मारशील. हीच वल्ही."

पहिल्या दिवशी तो दात आवळून गेला. दुसऱ्या दिवशी त्याला भाताचा घास उचलवेना. तिसऱ्या दिवशी पहाटेच तो करवत घेऊन वल्ह्यांपाशी बसला आणि निम्मे पाते कापायला निघाला.

बायकोने त्याचा हात धरला. "एकदम नाही. एक बोटभर कापा. भरल्या होडीनं जाऊन या. मग हातांना विचारा, अजून कापायचं का."

तो बोटबोट कापत गेला. महिन्याभराने वल्ही अशी बेतली, की भरली होडी ओहोटीच्या आधी परत येऊ लागली. पुढे बायको पुन्हा वल्ह्यांवर बसू लागली, तेव्हा ती वल्ही तिच्या हातांना विचारून आणखी कापली गेली.

तात्पर्य: काम दुसऱ्याच्या हातांनी होत असेल, तर त्यात सुधारणा सुचवण्याआधी ते आपल्या हातांनी करून बघावे.