बीटल्स, स्टोन्स आणि तंबोऱ्याचा दोरा

एकदा एक शिष्य तणतणत आपल्या उस्तादांच्या दारात उभा राहिला. उस्ताद मिरजेत तंबोरे घडवणारे, पिकल्या दाढीचे. शिष्य यतीन त्यांच्याकडे जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला, गुंजणारा नाद जुळवायला शिकत होता आणि उरलेल्या वेळात गिटार बडवत होता.

"उस्ताद, इम्तियाजनं बँड सोडला! रविवारी आमचा पहिला कार्यक्रम, गावभर सांगून ठेवलंय, आणि ड्रम वाजवणाराच नाही!"

"का रे सोडला?"

"मी म्हटलं, बीटल्ससारखे कुणी झालेच नाहीत. तो म्हणे, रोलिंग स्टोन्सपुढे तुझे बीटल्स म्हणजे निव्वळ गोडाचा शिरा! मग मीही तोंड सोडलं. लहानपणापासूनचा दोस्त, पण आता माझं नावही घेत नाही."

उस्तादांनी मोबाइलवर दोन्ही बँडची गाणी ऐकली. स्टोन्सच्या वेळी त्यांचा पाय आपोआप ठेका धरू लागला.

"पहिले सुरात सूर मिसळून गातात, चाल मोठी देखणी. दुसऱ्यांच्या गळ्यात खरखर आहे, पण माणसाला बसल्या जागी बसवत नाही."

"पण मोठं कोण? बीटल्सनी जगाला गाणं नव्यानं रचायला शिकवलं!"

"आणि इम्तियाजचं म्हणणं?"

"बीटल्स फुटले, पण स्टोन्स म्हातारपणीही स्टेज गाजवत राहिले," यतीन पुटपुटला.

उस्तादांनी यतीनचाच तंबोरा पुढे ओढला आणि तारांखाली घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, अडकवलेले सुती दोरे भराभर काढून टाकले. मग तारा छेडल्या. नाद पार बसला होता.

"अहो, काय केलंत हे! सकाळभर खपून लावली होती मी जवारी!"

"बघ बाळा," उस्ताद म्हणाले, "तार घोडीला अलगद घासते, म्हणून नाद गुंजतो. घासणं वाईट नाही. पण मधला हा दोरा गेला, की तार घोडीवर नुसती लोळते आणि दोघी मुक्या होतात. तुमच्या वादात खोट नाही रे, मधला दोस्तीचा दोरा निसटलाय. बरं, ते तिकडचे लोक तुमच्यासारखेच भांडत होते का?"

यतीन ओशाळला. "नाही... स्टोन्स नवीन होते, तेव्हा बीटल्सनी आपलं एक गाणं त्यांना दिलं होतं."

"घ्या! म्हणजे वरात लोकांची आणि डोकी फुटली तुमची!" उस्ताद पोट धरून हसले.

यतीन तडक इम्तियाजच्या घरी गेला. "चुकलो यार. रविवारी स्टोन्सचं गाणं मी गातो. शिकव मला."

"तुझ्या त्या गुळचट गळ्यानं? वाट लावशील!"

"लावतो. तू ठेका धरायला ये म्हणजे झालं."

इम्तियाजला हसू आवरेना. "मग बीटल्सचं मी गाणार!"

रविवारी दोघांनी एकमेकांच्या गाण्यांची यथेच्छ वाट लावली. लोकांनी हसत, टाळ्या पिटत दोन्ही गाणी पुन्हा गायला लावली. यतीनला एवढा आनंद कधीच झाला नव्हता. घरी परतताना मोठं कोण यावरून दोघांची पुन्हा जुंपली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

मागून चालणारे उस्ताद दाढी कुरवाळत म्हणाले, "लागली जवारी."