टाका सोडणारे मशीन

एकदा एका तालुक्याच्या गावी, जुनी शिवणयंत्रे विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे एक शिष्य आला. शिष्य म्हणजे कोवळा मुलगा नव्हे. चांगला पस्तिशीचा गृहस्थ, कारखान्यात मोजमापे तपासण्याची नोकरी सोडून आलेला. कुणाला नाटकांचा नाद लागतो, कुणाला कबुतरांचा. याला जुन्या मशिनांचा लागला होता. काळ्या कुळकुळीत अंगावर सोनेरी वेलबुट्टी दिसली की त्याचे काळीज धडधडू लागे. लग्नाला बारा वर्षे झालेल्या माणसाचे काळीज निदान अशा कारणाने धडधडते, यात त्याच्या पत्नीलाही समाधान होते.

त्या वृद्धाला सगळे आबा म्हणत. आबांची विद्या मोठी, पण खरेदीची पद्धत शिष्याला मुळीच पटत नसे. मशीन विकायचे आहे असा निरोप आला की आबा त्या घरी जात, मशीनकडे दोन मिनिटे पाहत आणि घरातल्या माणसांशी दोन तास बोलत. कोण शिवत होते, काय शिवत होते, दोरा कुठला आणत, कधी अडले तर काय करत. तेवढ्यात दोनदा चहा होई. शिष्य बाहेर ओट्यावर चुळबुळत बसे. आबांना चहा फार आवडतो आणि त्यांच्या घरी साखर बंद आहे, असा निष्कर्ष त्याने पूर्ण विचारांती काढला होता.

असेच एके दिवशी, आबांना न सांगता, तो जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात शिरला आणि जागीच खिळला. कोपऱ्यात पायाचे मशीन उभे होते. खालचा दोरा वाहून नेणारे होडीच्या आकाराचे शटल, वर मोरांची जोडी. असे मशीन त्याने फक्त चित्रात पाहिले होते.

"याचं स्टँड हॉटेलवाल्याला द्यायचंय," व्यापारी म्हणाला. "सहा टेबलं हवीत त्याला. पाच झाली."

"आणि वरचं मशीन?"

"भंगारात. लोकांना आता मशीनवर शिवायचं नसतं हो, मशीनवर कॉफी प्यायची असते."

शिष्याने इतक्या विनवण्या केल्या की व्यापाऱ्यालाच गंमत वाटली. "बरं, ने. बारा दिवसांनी, शनिवारी सकाळी माझा टेम्पो निघेल. तोवर एक हातभर कापड सरळ शिवून दाखव, मशीन स्टँडसकट तुलाच विकतो. नाही शिवलं, तर मी हातोडा घेऊनच येतो. वरचं मशीन बसवलेले बोल्ट गंजलेत, ते काही मऊपणानं निघायचे नाहीत."

शिष्याने हातगाडीवरून मशीन घरी आणले तेव्हा वरातीत मिरवल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता. मशीन मात्र हूं की चूं करीत नव्हते. कुणीतरी त्यात मायेने खोबरेल ओतले होते आणि त्याचा डिंक झाला होता. शिष्याने रॉकेल मिळवले, थेंब थेंब सोडले, आणि चौथ्या दिवशी हातचाक केसभर हलले. मग बोटभर. मग ते गर्रकन फिरलेच!

"फिरलं! आबा, फिरलं!" दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, अशा अवस्थेत तो भर बाजारपेठेतून ओरडत धावला. लोकांनी वाट करून दिली.

"छान," आबा म्हणाले. "शिवतं का?"

तेवढे बाकी होते. शिष्याने प्रत्येक स्क्रू सोडवला, प्रत्येक भोक टोकरले. आतून निघालेली कापसाची गठडी, टाचण्या, अर्धे बटण, काडीचा तुकडा, झुरळाचा पाय, सारे झटकून टाकले. मोर लखलखू लागले. निर्मात्या कंपनीचे जुने माहितीपुस्तकही त्याने शोधून काढले आणि त्यातल्या आकृतीप्रमाणे एकूण एक भाग बसवला. मग दोरा ओवला, कापड घातले आणि श्वास रोखून पाय चालवला.

पाच टाके सुंदर पडले. सहावा सुटला.

मग सुरू झाला तो मोजमापांचा यज्ञ. त्याने शटल मोजले, दोऱ्याचा ताण मोजला, सुईदांड्याची चाल मोजली. सगळे पुस्तकाप्रमाणे होते; फक्त मशीनने पुस्तक वाचलेले नव्हते. एकदा सलग पंधरा टाके आले तेव्हा त्याने पत्नीला स्वयंपाकघरातून ओढत आणले. तिच्या देखत सोळावा सुटला. "छान आहे," ती म्हणाली, "कढी उतू जातेय."

शुक्रवारी सकाळी तो आबांना घेऊन आला. आबांनी हातचाक सावकाश फिरवले, सुई खाली जाताना पाहिली आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"कुणाचं आहे हे?"

"माझं. म्हणजे, उद्यापर्यंत."

"त्याच्या आधी?"

"ते… विचारलं नाही."

आबांनी दाराकडे बोट दाखवले. "मग आता विचारून ये. आणि वरचं मशीन स्टँडवरून काढ, तिकडे घेऊन जाऊ."

"बोल्ट मी परवाच सैल केलेत. पण आबा, उद्या हातोडा येणार आणि आज आपण पाहुणचाराला जायचं?"

"हो. आणि पाने-पेचकस इथंच राहू देत."

व्यापाऱ्याकडून कळले, मशीन होते काशीमावशीचे. खणाच्या चोळ्या शिवण्यात साऱ्या पेठेत तिचा हात धरणारे कुणी नव्हते. आता वय ऐंशी. गुडघे गेले, डोळे गेले, मग मशीनही गेले. शिष्याने धापा टाकत ते ओझे तिच्यासमोर पाटावर ठेवले. तिने बोटांनीच ओळखले.

"अगं बाई! किती घासलंय रे! अगदी नवरी केलीय. आणि अडलं होतं ना? आमच्या सुनेनं खोबरेल घातलेलं. म्हणते, केसांना चालतं, मग याला का नको?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, तेल घाल म्हणून!" आतून सुनेचा आवाज आला.

"मावशी," शिष्य म्हणाला, "आता फिरतं छान, पण टाका सोडतं."

मावशीने चाक फिरवले. बोटांनी सुई चाचपली आणि ती थांबली. "सुई कुणी लावली?"

"मी. अगदी वरपर्यंत. पुस्तकात आहे तश्शी."

"आणि काडी?"

"कसली काडी?"

"सुईच्या वर, भोकात घातलेली. काड्यापेटीची."

शिष्याचे कान तापले. "ती होय… तो कचरा समजून मी…"

"कचरा!" मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. "अरे, पूर्वीच्या सुया लांब असायच्या. त्या बाजारातून गेल्या. नवी सुई बुटकी. ती वर ढकलली की खाली शटलला दोरा कधी सापडतो, कधी नाही. आठ दिवस रडले मी. मग वर काडीचा तुकडा घातला, सुई तांदळाएवढी खाली आली. चोवीस वर्षं शिवलं त्याच्यावर. सूनबाई, काड्यापेटी आण गं!"

मावशीने काडी दाताने मोडली, नखाने अजमावली, भोकात दाबली, सुई चढवली. शिष्याने चाक फिरवायचे, तिने कापड धरायचे. टक्, टक्, टक्. पाच झाले. सहावा पडला. सोळावा पडला. शिष्य मोठ्याने मोजत होता. साठाच्या पुढे त्याचा आवाज चिरकला, आणि मग मोजणे सोडून तो नुसताच लहान पोरासारखा चाक फिरवत सुटला. "हळू रे, बोट शिवशील माझं!" मावशी ओरडत होती, पण तिनेही कापड सोडले नाही. सून काड्यापेटी हातात घेऊन दारातच उभी राहिली.

परतताना शिष्य म्हणाला, "आबा, तुम्हाला सुई पाहताच कळलं होतं ना?"

"अंदाज आला होता. खात्री तिच्याकडे होती."

"मग आठवडाभर मी मोजत बसलो ते चुकलं?"

"मोजमाप नाही चुकलं. पुस्तकही खोटं नाही. ते लिहिलं तेव्हाची सुई लांब होती. मात्र हे बघ, मशीन कारखान्यात एकदाच तयार होतं. पुढे वापरणारा माणूस ते रोज थोडं थोडं तयार करत असतो, आणि त्याचं पुस्तक कुणी छापत नाही. काय बिघडलं आहे, हे मशीन सांगतं. इतकी वर्षं ते चाललं कसं, हे माणसालाच विचारावं लागतं. ते न विचारता आपण साफसफाई करतो, आणि ज्याच्या आधारावर सगळं चालत होतं नेमकं तेच केरात जातं."

शिष्याची पावले मंदावली. मशीन बरेच जड होते, हेही एक कारण असावे.

शनिवारी व्यापारी हातोड्यासह आला. त्याच्यासमोर हातभर कापड शिवून झाले. त्याने टीप उलटसुलट करून पाहिली, दोन्ही बाजूंनी ओढली आणि हातोडा पिशवीत घातला. "हॉटेलवाल्याला सांगतो, पाच टेबलांवर भागव म्हणून," तो म्हणाला, आणि जाता जाता थबकला. "अरे हो, पलीकडच्या गावात आणखी एक मशीन आहे. पितळी चाक, पेटीवर शिसवी झाकण. तू बघशील तर वेडा होशील. उद्या आणून टाकू?"

शिष्याचे काळीज धडधडलेच. पितळी चाक! त्याने ओठ उघडले, मिटले आणि शेजारी बसलेल्या आबांकडे न पाहता विचारले,

"त्यावर आधी शिवायचं कोण?"

"ते मला काय ठाऊक? तुला मशीन हवंय की त्याची कुंडली?"

"मग आणू नका," शिष्य म्हणाला. "पत्ता द्या. मीच जाऊन येतो."