गाठीतला निळा

एकदा एक नदी गाव सोडून गेली. माणसे तिच्यानंतर गेली. हा क्रम आधी नीट ध्यानात घ्या, कारण अशा गोष्टी सांगताना लोक हटकून तो उलटा लावतात. आम्ही कापडवाले बारा गावचे पाणी प्यालेले. कुठेही जा, ‘ही मंडळी पोटामागे लागून इकडे आली’ असेच ऐकायला मिळते. जणू पोट ही त्या बिचाऱ्यांनी नव्याने लावून घेतलेली सवय आहे!

तर ते गाव निळाऱ्यांचे, म्हणजे निळीत कापड रंगवणाऱ्यांचे. प्रत्येक घरात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण, आणि त्यात आंबवलेली नीळ. हा रांजण म्हणजे जिवंत वस्तू. त्याला ऊब लागते, वेळच्या वेळी गूळ-चुना लागतो, आणि हेळसांड झाली तर तो नासतो. नवा रांजण लावायचा असेल, तर शेजारणीकडून विरजण आणावे तसा जुन्या रांजणातला गाळ आणून मुरवायचा.

गावातल्या सर्वांत जुन्या घरी एक कापडाची पट्टी जपलेली होती. ती साऱ्या गावाच्या रंगाची वानगी. कोणाचेही कापड वाळले की त्या पट्टीशी लावून पाहायचे. जुळले तर बाजारात, नाही तर पुन्हा रांजणात. पट्टीच्या एका टोकाला घट्ट गाठ होती, आणि ती सोडायची नाही असा दंडक होता. का सोडायची नाही, हे कोणी विचारले नव्हते. दंडकाला कारण विचारत नाहीत, म्हणून तर तो टिकतो.

पुढे एका पुरात नदीने कूस बदलली आणि ती डोंगरापलीकडून वाहू लागली. गावाच्या वाट्याला वाळू उरली आणि मचूळ पाण्याच्या विहिरी. रुसून माहेरी गेलेल्या सुनेची वाट पाहावी, तशी लोकांनी तिची वाट पाहिली. रांजण एकामागून एक नासत गेले. शेवटी गाड्या जुंपल्या.

त्या लोकांत एक वृद्ध रंगारी होता. सारे त्याला आप्पा म्हणत. त्याच्या हाताखाली तयार झालेला एक तरुण शिष्य होता, आणि वानगीची पट्टी याच शिष्याच्या घरची. त्याची आई काही केल्या गाडीत बसेना.

“आई, चल ना. इथं आता काय राहिलंय?”

“नदी परत आली तर तिला आपलं घर कोण दाखवील?” म्हातारी म्हणाली. नासण्याआधी झाकून ठेवलेला गाळ तिने मडक्यात भरून दिला. पट्टी मुलाच्या हातात ठेवली. “जपून ने. आणि मागं वळून बघत बसू नकोस, बैल बुजतात.”

बैल बुजले नाहीत. बुजणारे दुसरेच कोणी होते.

दूरच्या एका नदीकाठी वस्ती झाली. पाणी गोड, बाजार जवळ. रांजण लागले, नीळ मुरल्याची खूण असलेली तांबूस साय वर धरू लागली. पण कापड पट्टीशी जुळेना. जुन्या नदीच्या पाण्याने निळ्याला एक काळसर खोली येत असे. इथला निळा उघडा, उजळ. सुरुवातीला सारे जण शिष्याच्या दारी येऊन रंग जुळवून पाहत आणि मान खाली घालून परत जात. मग हळूहळू त्यांचे येणे थांबले. आहे तो माल ते विकू लागले. शिष्य मात्र विकेना. न जुळलेल्या कापडाचे ढीग त्याच्या घराच्या आढ्याला लागले, आणि चूल शेजाऱ्यांच्या पिठावर चालू लागली.

“तुमचा रंग जुळेपर्यंत पोरीला काय निळं पाणी पाजू?” त्याची बायको म्हणाली. ती दुसऱ्यांची दळणे दळून येत असे. “शेजारीण विचारते, तुझ्या नवऱ्याला रंग करता येतो, का नुसता राग?”

“मी खोटा माल विकणार नाही.”

“खोटा कशानं? आपल्याच हातचा ना?”

तो तसाच उठला. त्याने गाडी काढली. आप्पा अंगणात येऊन उभा राहिला.

“आप्पा, मी परत जातो. तू सांगितलंस म्हणून आलो. इथं मला कधीच खरा रंग साधायचा नाही.”

“जा,” आप्पा म्हणाला. “चारा बांधून घे. वाटेत कुरण नाही.”

बायको लेकीला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली. ती गाडीकडे आली नाही.

इतक्यात पूर्वी जुन्या गावचे कापड घेणारा एक व्यापारी तिथे येऊन पोचला. जुंपलेली गाडी पाहून त्याने विचारले, “कुठं रे निघालास?”

“आईकडं.”

व्यापारी थोडा वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. “बैल सोड बाबा,” तो म्हणाला. “म्हातारी थंडीत गेली.”

शिष्य बैलांपाशीच थांबला. जू तसेच हातात धरून राहिला.

“त्याआधी मी भेटलो होतो तिला. कोरड्या घाटावर बसली होती. मला म्हणाली, पोराचा रंग जुळला का? मी म्हटलं, हुबेहूब जुळला, आजी. आम्हा व्यापाऱ्यांच्या तोंडी गोड बोलणं आपसूक येतं. तर हसली. म्हणाली, लबाडा, तो जुळायचा नाहीच. त्यानं गाठ सोडली का, तेवढं सांग.”

हे ऐकताच आप्पा पुढे झाला. शिष्याच्या कमरेला खोचलेली वानगीची पट्टी त्याने उपसली आणि तोंडात जे काही दात उरले होते, त्यांनी तो गाठ सोडू लागला.

“आप्पा! काय करतोस? तिची तेवढी एकच वस्तू आहे माझ्यापाशी!”

गाठ सुटली. आत कापड चुरगळून गेले होते. त्या चुण्यांत काळसर निळा शिरलाच नव्हता. तिथे एक वेगळाच निळा होता, फिका, जांभळट झाक असलेला. शिष्याने पट्टी उन्हात धरली.

“हा आपल्या नदीचा नाही.”

“नाही,” आप्पा म्हणाला. “आपल्या आधीच्या कुठल्या तरी नदीचा. तिचं नावही आपल्याला ठाऊक नाही. तीही अशीच गेली असेल. बाळा, लोक म्हणतात, माणूस गाव सोडतो. कोण सोडतं? आधी पायाखालून काहीतरी निघून जातं. कोणाचं पाणी जातं, कोणाचं काम, कोणाचं माणूस. पाय त्याच्या मागून चालत राहतात. अशीच कोणी एक बाई ही पट्टी घेऊन आपल्या गावी आली असेल. तिचाही रंग जुळला नसेल. रडली असेल. मग थोडा जुना रंग तिनं गाठीत बांधला आणि उरलेली पट्टी नव्या रांजणात बुडवली. तोच पुढं आपला खरा रंग झाला. तुझ्या आईला हे ठाऊक होतं. निघताना सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, ही मला हाकलते आहे.”

शिष्याने पट्टी हातावर पसरली. मग त्याने विचारले, “गाठीत किती बांधू?”

“मूठभर. सगळीच पट्टी गाठीत बांधशील, तर रंगवायला काय उरेल?”

शिष्याने आईच्या निळ्याचा मूठभर भाग मुठीत धरला आणि घट्ट गाठ मारली. आधीचा जांभळट निळा त्याने त्याच गाठीत घेतला. मग रांजणापाशी बसून त्याने पट्टी हळूच आत सोडली. त्याचे हात कोपरापर्यंत बुडाले होते. तो तिथे रडला. रांजणात पडलेले पाणी कोणाला दिसत नाही.

पट्टी बाहेर आली ती हिरवट. निळाऱ्यांचे कापड आधी असेच दिसते. वारा लागल्यावर निळे होते. त्याची बायको लेकीला घेऊन जवळ आली. वारा परक्या मुलखातला होता, परक्या नदीवरून येत होता. कापडाचा रंग हळूहळू बदलत गेला आणि शेवटी जुन्या काळसर निळ्यावर उजळ, उघडा निळा चढला. लेकीने हात लांब करून ओले टोक मुठीत धरले. तिला दुसरा कोणता निळा माहीतच नव्हता.

शिष्याने बैल सोडले.

तुमच्या गल्लीत उद्या कोणी परमुलखातले बिऱ्हाड उतरले, तर ‘मूळचे कुठले?’ असे जरूर विचारा. पण उत्तर यायला वेळ लागला, तर समजा की तो माणूस गाठ चाचपतो आहे.