सकवारनं नीजबाईचा पदर धरला

हं, आता गप पडा. दिगू, पाय पांघरुणात घे. वच्छे, त्याला चिमटे काढू नकोस, मला अंधारातसुद्धा दिसतं. मध्ये बोललात तर गोष्ट तिथंच बंद, मी निघाले माझी भांडी आवरायला.

तर एका गावात होती एक विणकरीण. तिचं नाव सकवार. घरात नवरा भिवा, सासू आत्याबाई आणि आठ महिन्यांची लेक मथी. आणि होता एक माग. माग म्हणजे कापड विणायचा, बरं का. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावडी दाबायची, हातानं सुताचा धोटा इकडून तिकडे फेकायचा. खट खट, खट खट, दिवसभर तेच.

आता सकवारला हात दोनच. कापडही विणायचं आणि पाळणाही हलवायचा. मग तिनं काय केलं? पाळण्याची दोरी घेतली आणि दिली बांधून पावडीला! पावडी दाबली की पाळणा हलला. अख्ख्या आळीनं तोंडात बोट घातलं. आत्याबाई जो भेटेल त्याला सांगायच्या, "सून कशी हुशार आहे बघा माझी!" होतीच हुशार. पण हुशारी कधी कधी अंगाशी येते, ऐका.

मथीला वाटायला लागलं, झोप म्हणजे खटखट आणि झोका. माग चालू, तोवर मथी गाढ. माग थांबला की डोळे टक्क उघडे, आणि मग असं भोकाड, असं भोकाड, की कौलांवरची मांजरं पळून जायची. मग सकवार उठायची, दिवा लावायची, पावडी दाबायला बसायची. आधी रात्रीतून एकदा. मग तीनदा. मग तर रात्र रात्रभर. बिचारीच्या डोळ्याला डोळा नाही. आमटीत दोनदा मीठ घालायची. एकदा तर नवऱ्यालाच म्हणाली, "आत्याबाई, पाणी देऊ का?" हसू नका रे, हसण्यासारखं नव्हतं ते.

मग उपाय सुरू झाले. आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. चुलीत मोहऱ्या तडतडल्या, त्या आवाजानं मथी जास्तच जागी झाली. मग भिवानं बाजारातून घुंगरं आणून पाळण्याला बांधली. मथीला घुंगरं इतकी आवडली की ती वाजवत पहाटेपर्यंत खेळत बसली. भिवा म्हणाला, "चला, निदान रडली तरी नाही." सकवारनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. मग तो उठला आणि घुंगरं सोडायला लागला.

आणि एके दिवशी दुपारी काय झालं, सकवार मथीला कडेवर घेऊन उभी होती. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटले. हात सैल पडले. आणि मथी निसटली! नशीब, खाली सुताच्या लडींचा ढीग होता. पोर ढिगात पडली आणि खुदकन हसली. पण सकवारनं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. "आज सुतावर पडली," ती म्हणाली, "उद्या दगडावर पडली तर? माझ्याच हातून?" आणि मटकन खाली बसून ढसाढसा रडली.

शेजारीण आली धावत. चांगल्या मनाची होती हो, पण अक्कल बेताची. कनवटीची पुडी काढली. म्हणाली, "अफूचा एवढासा कण चाटव. पोर सकाळपर्यंत हलायची नाही."

सकवारनं डोळे पुसले. पुडी घेतली, उठली, आणि सरळ मोरीत रिकामी केली. "माझ्या पोरीला झोप पाहिजे, गुंगी नको," ती म्हणाली. "आणि ती मी आणणार. आता याचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय राहणार नाही."

मग तिनं आत्याबाईंना विचारलं, "आत्याबाई, झोप येते कुठून?"

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, नीजबाई आणते. तिन्हीसांजा उलटल्या की दारोदार फिरते. माझी आई सांगायची."

"मग आपल्याच दारी का येत नाही? विचारतेच तिला."

त्या रात्री सकवार अंगणात तुळशीमागं दबा धरून बसली. मागावर भिवाला बसवलं, दिव्यापाशी आत्याबाईंना. तिला जागं राहायला काय त्रास? सवयच होती.

पहिला प्रहर सरला. घरात मथी जरा कुरकुरली. लगेच आत्याबाईंनी दिवा मोठा केला, भिवानं पावडी दाबली. आणि सकवारला दिसली एक बुटकी म्हातारी. अनवाणी. खांद्यावर मऊ जुनी गोधडी. उंबऱ्यापर्यंत आली, आत डोकावली, मान हलवली आणि परत गेली.

मध्यरात्री पुन्हा कुरकुर, पुन्हा खटखट. वर आत्याबाईंनी अंगाई धरली, आणि आत्याबाईंचा आवाज म्हणजे, देवा रे! म्हातारी आली, कानांवर हात ठेवले, परत गेली.

तिसऱ्यांदा म्हातारी आली तेव्हा सकवारनं झेप घातली आणि तिचा पदरच धरला. "आता नाही सोडायची! गावाला झोप वाटतेस आणि माझ्या लेकीनं काय घोडं मारलंय तुझं?"

नीजबाई कावली. "पदर सोड आधी, फाटेल! अगं, मी येत नाही कशी? रोज रात्री चारदा येते. झोपेचा धागा रात्रीतून चारदा तुटतो, तुझाही तुटतो, राजाचाही तुटतो. माणूस कूस बदलतं, जरा कुरकुरतं, तेवढ्यात मी येऊन गाठ मारते. पण तुझ्या घरात यावं तर दिवा काय, गाणं काय, खटखट काय! तू विणकरीण ना? सांग मला, चालत्या मागावर तुटका धागा जोडता येतो?"

सकवारनं मान हलवली. नाहीच येत. धागा तुटला की आधी माग थांबवायचा, हे तर तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"मग काय करू?" तिनं हळूच विचारलं. "रडत टाकू पोरीला?"

"टाकू कशाला? भूक असेल तर पाज. ओली असेल तर बदल. दुखतंखुपतं का ते बघ. काहीच नसेल तर जवळ बस, छातीवर हात ठेव आणि गप राहा. दिवा नको, दोरी नको. पोरीला माझी ओळखच नाही, ती होऊ दे. तीन रात्री दम धर."

"तीन काय, तीस धरीन," सकवार म्हणाली आणि पदर सोडला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोरी पावडीपासून सोडली. रात्री मथीला पोटभर पाजलं, पाळण्यात ठेवलं, दिवा विझवला. आणि झालं रडणं सुरू! आत्याबाईंना काही राहवेना. म्हणाल्या, "दगडाचं काळीज आहे गं तुझं!" आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडल्या. अंधारात सकवारचेही डोळे वाहत होते. पण हात मथीच्या छातीवर होता, तो काही हलला नाही. मथी रडली, थांबली, आई आहे ना म्हणून चाचपली, पुन्हा रडली. उशिरा कधीतरी झोपली.

दुसरी रात्र बरी गेली असेल, असं वाटतं ना? छे! दुप्पट वाईट. मथी हट्टालाच पेटली. आईचीच लेक ना ती! भिवा उठून मागाकडे निघाला. "बसा हो खाली!" सकवार म्हणाली. बिचारा बसला. पण मग तिचाच धीर सुटला. तिनं दोरी उचलली. पावडीला अर्धी गाठ मारलीसुद्धा. आणि तिला आठवलं, चालत्या मागावर धागा जोडता येत नाही. तिनं गाठ सोडली, दोरी माळ्यावर फेकली आणि पुन्हा लेकीपाशी येऊन बसली. "मी इथंच आहे गं बाई," ती म्हणाली. "पण गाठ तुझी तुलाच शिकायचीय."

तिसरी रात्र आली. मध्यरात्री मथी हलली. एवढंसं कुरकुरली. सकवारनं श्वास रोखून धरला. मथीनं चाचपून आईचं बोट धरलं, मुठीत घट्ट आवळलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि झोपली! आपली आपण. उंबऱ्याशी कुणीतरी अनवाणी पावलानं आलं आणि गेलं. पहाटेपर्यंत मथी दोनदा हलली, पण रडली नाही.

आता गंमत ऐका. मथी झोपली, पण सकवार जागीच! आता रडेल, मग रडेल, म्हणून कान टवकारून पडलेली. तिच्याही अंगवळणी पडलं होतं ना ते जागणं! मग नीजबाई परत आली. सकवारच्या उशाशी बसली. तिच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "झाली गं तुझी पोर मोठी. आता तू नीज." आठ महिन्यांत सकवारला असं कुणी म्हणालं नव्हतं. तिच्या डोळ्यांच्या कडेनं एक थेंब ओघळला, उशीत गेला, आणि ती झोपली.

आणि तिकडे आळीत? अख्खी आळी टक्क जागी! रोजची खटखट बंद, आज तर मथीचं भोकाडही बंद, मग त्यांना कुठली झोप येतेय? सगळे धावत दारात आले. "काय झालं? घर एवढं गप का?" आत्याबाई दारात केरसुणी घेऊनच उभ्या होत्या. "आवाज कराल तर बघा! माझ्या दोन्ही लेकी झोपल्यात." दोन्ही, बरं का. सून नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला तरी कुणी सकवारला उठवलं नाही. भिवानं भाकऱ्या थापल्या, जाडजूड, वाकड्यातिकड्या. उठल्यावर तिनं त्या हसत हसत खाल्ल्या. माग दिवसा चालायचा, रात्री गप असायचा. सगळी सुखात राहिली.

झाली गोष्ट. काय रे दिगू, थोपटू? नाही थोपटणार. हा बघ, नुसता हात ठेवलाय. वच्छी तर कधीच झोपली. तूही मीट डोळे. मी इथंच आहे.